मदत हवी आहे: जुन्या गाऊटच्या गाठी कमी होताहेत का, हे नक्की कोणत्या तपासणीत कळतं?

नमस्कार मंडळी. वडिलांच्या गाऊटबद्दल (युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यांत साठून होणारा आजार) विचारायचं आहे. थोडं लांबेल, पण मागचं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

आबा ६८ वर्षांचे, कराडजवळ गावी असतात, मी पुण्यात. त्रास पंधराएक वर्षांपासूनचा. सुरुवात उजव्या पायाच्या अंगठ्यापासून झाली. रात्रीतून अंगठा लालबुंद व्हायचा, पांघरूण लागलेलंही सहन व्हायचं नाही. गावात इंजेक्शन घ्यायचं, चार दिवसांत उतरलं की पुन्हा शेतात. युरिक ॲसिड वाढलेलं आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण औषध म्हणजे ठणका लागला की पेनकिलर, एवढंच. पुढे क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढून १.७ पर्यंत गेलं आणि अंगठ्याच्या सांध्यावर, हाताच्या पेरांवर, कोपरावर गाठी दिसायला लागल्या. मागच्या पावसाळ्यात मधल्या बोटावरची एक गाठ फुटली. पू असेल म्हणून आईने कापूस लावला, तर कापसावर पांढरा, कोरडा चुरा. तेव्हा कुठे आबा पुण्याला यायला तयार झाले.

इथल्या संधिवाततज्ज्ञांनी (रुमॅटॉलॉजिस्ट) युरिक ॲसिड कमी करणारी फेबुक्सोस्टॅटची गोळी ४० ने सुरू करून ८० वर नेली, सोबत ठणके येऊ नयेत म्हणून कोल्चिसिन कमी डोसमध्ये. पेनकिलर पूर्ण बंद. युरिक ॲसिड ९.४ होतं, ते आता ५.१ आहे. ठणके खूप कमी झालेत. कोपरावरची गाठ मात्र हाताला आहे तेवढीच लागते.

आता अडचण. मध्यंतरी पाय मुरगळला म्हणून आबांनी गावाकडच्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी एक्स-रे काढला, आधीच्या फिल्मशेजारी लावला. दोन्हींत अंगठ्यामागच्या हाडाची आतली कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसते, तशीच्या तशी. त्यावर ते म्हणाले, "फरक काहीच नाही, एवढ्या महागाच्या गोळ्या किडनीच्या माणसाला कशाला?" आबांना तेवढंच हवं होतं. ठणका नाही, एक्स-रेत फरक नाही, मग गोळी कशासाठी, असं त्यांचं चाललंय. मी तूर्त रोज सकाळी फोन करून गोळी घ्यायला लावते.

पुण्याच्या डॉक्टरांचं म्हणणं असं की एक्स-रे या कामाचाच नाही. सांध्यांची सोनोग्राफी करा, गरज पडली तर ड्युअल एनर्जी सीटी करू. चुलतभाऊ म्हणतो एमआरआय करा, त्यात सगळं कळतं. सीटी म्हटलं की मला आधी शिरेतून देतात तो डाय आठवतो आणि आबांची किडनी आठवते. शिवाय त्यांना गावाहून आणायचं, दिवसभर बसवायचं, खर्च वेगळा. हे सगळं करायला मी तयार आहे, पण त्यातून उपचार बदलणार असतील किंवा निदान आबांची खात्री पटणार असेल तरच. युरिक ॲसिडचा आकडा चांगला आहे, तेवढ्यावर थांबावं का? सोनोग्राफी आणि या सीटीत नेमकं काय वेगळं दिसतं? करायचीच तर किती दिवसांनी पुन्हा करायची? ज्यांनी घरच्या कुणासाठी हे केलंय त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद १

ताई, मी रेडिओलॉजीत काम करतो. सगळ्यात आधी: एक्स-रे तसाच आहे म्हणून गोळी बंद करू देऊ नका. एक्स-रेत हाडाचं झालेलं नुकसान दिसतं, स्फटिक दिसत नाहीत. तेही नुकसान बरीच वर्षं आजार मुरल्यावर दिसायला लागतं, आणि भरून यायला त्याहून वेळ लागतो, कधी भरतही नाही. त्यामुळे स्फटिक निम्मे विरघळले तरी फिल्म तीच राहू शकते. ती कड आणखी खाल्ली गेलेली नाही, ही खरं तर चांगली बातमी आहे.

सोनोग्राफीत सांध्याच्या कूर्चेवर युरेटचा (म्हणजे युरिक ॲसिडच्या स्फटिकांचा) थर बसलेला असेल तर हाडाच्या रेषेला समांतर दुसरी पांढरी रेघ दिसते. तिला आम्ही डबल कंटूर म्हणतो. युरिक ॲसिड ६ च्या खाली टिकवलं तर ही रेघ साधारण काही महिन्यांत ते वर्षभरात फिकट होत जाते, पुष्कळांमध्ये नाहीशी होते. म्हणजे हाताला गाठ तेवढीच लागत असताना आतून बदल सुरू झालेला दिसू शकतो. नॉर्वेत नॉर-गाऊट नावाचा अभ्यास झाला, त्यात युरिक ॲसिड लक्ष्याखाली आणत रुग्णांची ठरावीक काळाने सोनोग्राफी केली होती. सगळ्यात ठळक फरक याच रेघेत पडला, गाठी त्यामानाने सावकाश कमी झाल्या. पॉवर डॉपलर (सोनोग्राफीतच रक्तप्रवाह दाखवणारी सोय) लावला तर सांध्यात अजून दाह आहे का, हेही त्याच बैठकीत कळतं. किरणं नाहीत, डाय नाही.

मर्यादा एवढीच की करणाऱ्याच्या हातावर बरंच अवलंबून असतं. पोटाची सोनोग्राफी रोज करणाऱ्या प्रत्येकाला सांध्यांची सवय असतेच असं नाही. म्हणून शक्यतो त्याच माणसाकडून, त्याच मशीनवर करा. रिपोर्टमध्ये "गाठ दिसते" एवढंच नको. कुठल्या सांध्याच्या कुठल्या बाजूला, लांबी-रुंदी किती मिलिमीटर, हे लिहून मागा. त्याशिवाय पुढच्या वेळी तुलना कशाशी करणार? दोन्ही पायांचे अंगठे, गुडघे, कोपर आणि गाठ फुटलेलं बोट, एवढं बघायला सांगा.

ड्युअल एनर्जी सीटीत दोन वेगवेगळ्या ऊर्जेचे क्ष-किरण वापरतात, बहुधा ८० आणि १४० किलोव्होल्ट. युरेट आणि कॅल्शियम या दोन्हींत वेगवेगळे शोषले जातात, त्यावरून संगणक त्यांना वेगळे रंग देतो. बहुतेक ठिकाणी युरेट हिरवं दिसतं. स्फटिकांचं एकूण आकारमानही मोजता येतं, त्यामुळे तुलना सोपी. यासाठी शिरेतून डाय द्यावा लागत नाही, तेव्हा किडनीची ती काळजी सोडा. हातापायांपुरतं केलं तर किरणांचा डोसही कमीच असतो. फक्त नखांखाली, टाचेच्या जाड कातडीत खोटा हिरवा रंग येतो, तो वाचणाऱ्याला ओळखता आला पाहिजे. आणि विरळ, बारीक साठे यात सुटतात, म्हणून "हिरवं नाही म्हणजे गाऊट नाही" असं होत नाही.

एमआरआय यासाठी नको. गाठ दिसते, पण ती युरेटचीच आहे हे ठामपणे सांगता येत नाही, खर्च जास्त, आणि तिथे गॅडोलिनियम (एमआरआयचा डाय) द्यायचं ठरलं तर किडनीचा विचार करावा लागतो.

प्रतिसाद २

वरच्या माहितीला पूर्ण सहमत, पण क्रम सांगते. पहिला नंबर रक्तातल्या आकड्याचा. साधारण ६.८ च्या वर युरेट रक्तात विरघळलेलं राहत नाही, त्याचे स्फटिक होतात. त्याखाली राहिलं तर साठलेलं परत विरघळायला लागतं. सर्वसाधारण लक्ष्य ६ च्या खाली, आणि गाठी असतील तर त्या जाईपर्यंत बरेच तज्ज्ञ ५ च्या खाली ठेवतात. आबांचं ५.१ आहे, तर स्कॅनच्या आधी "अजून थोडं खाली आणायचं का" हे डॉक्टरांना विचारा. जितकं खाली तितक्या गाठी लवकर विरघळतात. आणि रक्त ठणका चालू असताना तपासलेलं नाही ना, तेही बघा. त्या वेळी आकडा फसवा, नॉर्मलसुद्धा येतो.

मग स्कॅन कधी? आकडा उत्तम असून ठणके चालूच आहेत, किंवा दुखणारा सांधा गाऊटचाच आहे का अशी शंका आहे (म्हाताऱ्या माणसांच्या गुडघ्यात कॅल्शियमचे स्फटिकही होतात), किंवा डोस कमी करायचा विचार चाललाय, तेव्हा नक्की. उगाच दर तीन महिन्यांनी पैसे घालवू नका.

आणि फुटलेल्या गाठीवर लक्ष ठेवा. लाली, ऊब, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. तिथे जंतुसंसर्ग होऊ शकतो, त्याला सोनोग्राफीची वाट बघायची नाही.

प्रतिसाद ३

माझ्या यजमानांना हाच आजार. ताई, तुमच्या आबांची जी अडचण आहे तीच आमची होती: दुखत नाही तर गोळी का. आमच्या डॉक्टरांनी सीटीचं चित्र स्क्रीनवर फिरवून दाखवलं. घोट्यामागच्या जाड स्नायुबंधावर (टेंडन), जिथे त्यांना कधीच दुखलं नव्हतं, तिथे हिरवा पट्टा. ते बराच वेळ बघत बसले, मग स्वतःच विचारलं, "हे सगळं जायला किती दिवस?" तेव्हापासून गोळीसाठी मागे लागावं लागलं नाही. चित्र बघायला माणसाला सोबत न्याच, नुसता रिपोर्ट घरी आणून उपयोग नाही.

प्रतिसाद १ (पुन्हा)

हे लिहायचं राहिलंच होतं. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांची संघटना आहे, युलर. त्यांच्या २०२३ च्या शिफारशींतही हे आहे की रुग्णाला चित्र दाखवून समजावलं तर आजार कळायला आणि औषध नियमित घ्यायला मदत होते. पुन्हा तपासणी कधी, याला त्यांनी ठरावीक महिने दिलेले नाहीत, रुग्णाच्या परिस्थितीवर सोडलंय. आबांच्या बाबतीत मी म्हणेन, आता एक सोनोग्राफी मापांसकट, आणि पुढची सहा महिने ते वर्षाने. सोनोग्राफीत चित्र स्पष्ट नसेल तरच सीटी.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. एक्स-रेचं कोडं सुटलं, तेच फोनवर आबांना सांगितलं. "वाढलं नाही म्हणजे थांबलंय" हे त्यांना पटलं, निदान महिनाभर तरी गोळी सुटणार नाही. ५ च्या खाली न्यायचं का, हे पुढच्या भेटीत विचारते. तपासलेलं रक्त ठणका नसतानाचंच होतं.

सोनोग्राफी करायची ठरवलंय आणि आबांना स्क्रीन दिसेल असं बसवायची विनंती आधीच करून ठेवणार आहे. एकच शेवटचं विचारते: दर वेळी पुण्याला आणणं त्यांना झेपत नाही, आणि तुलना त्याच माणसाकडून व्हायला हवी म्हणता. तर कराड, सांगली-मिरज किंवा कोल्हापुरात सांध्यांची सोनोग्राफी नियमित करणारं कुणी माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पहिली तपासणीही मग तिथेच करून घेईन.