दुसऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर

शिक्षकांचं सहकार्य म्हणजे महिन्याची केंद्रस्तरीय शिक्षण परिषद, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांची बैठक, तिथे परिपत्रकं वाचायची आणि माहिती भरून द्यायची, त्यातून साधत काहीच नाही, असं काही जण म्हणतात. बऱ्याच केंद्रांत तसं होतं, मान्य. पण सहकार्यानं काही साधत नाही हे पटत नाही. साताऱ्याच्या कुमठे बीटमधले, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटातले, वर्ग बघायला राज्यभरातून शिक्षक जात होते. २०१५ मध्ये राज्य सरकारचा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाल्यावर तर हा ओघ फारच वाढला. तिथून येणारे भाषणांबद्दल नाही, प्रत्यक्ष चालू वर्गात बसून काय दिसलं त्याबद्दल बोलायचे.

माझी शाळा द्विशिक्षकी, म्हणजे दोन शिक्षकांत सगळ्या इयत्ता. तिसरीतली काही मुलं ५२ वजा २७ चं उत्तर ३५ लिहायची. मी आठवडाभर 'हातचा घ्या' सांगत राहिले. शेजारच्या वाडीवरच्या शाळेतल्या बाई एक तास मागे बसल्या, माझ्याकडे न बघता मुलांच्या वह्यांकडे बघत. त्या म्हणाल्या, "मॅडम, मुलं मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतायत. ७ मधून २." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे दिले आणि एक गठ्ठा मुलांनाच सोडायला लावला. शिकवताना माझं लक्ष फळ्याकडे आणि इतर इयत्तांच्या मुलांकडे, त्यामुळे मला एकटीला ते दिसलंच नसतं. जपानमध्ये पाठ मिळून आखतात, एक जण शिकवतो आणि बाकीचे मुलांची नोंद घेतात, ते यासाठीच. परिषदेत निदान एक तास असा चालू वर्ग ठेवा, एवढीच माझी कळकळीची मागणी आहे.