मदत हवी आहे: बाबांचा आयपॉड गाडीच्या स्टिरिओला कसा जोडू?

नमस्कार मंडळी,

बाबांचा १६० जीबीचा आयपॉड क्लासिक, म्हणजे गोल चाकावर बोट फिरवून गाणं काढायचा अ‍ॅपलचा जुना प्लेअर, माझ्याकडे आहे. आकाशवाणीवरून वर्षानुवर्षं टेप केलेल्या कॅसेट त्यांनी निवृत्तीनंतर एकेक करून संगणकावर उतरवल्या आणि यात भरल्या. प्लेलिस्टची नावं त्यांचीच: 'पहाटेचं', 'घाट', 'ही झोपल्यावर'. दोन वर्षांपूर्वी ते गेले. येत्या रविवारी आईला घेऊन पाटण-कोयनानगरवरून कुंभार्ली घाटाने चिपळूणला जायचंय आणि वाटेत 'घाट' लावायचंय.

मागच्या महिन्यात जुनी गाडी घेतली. आधीच्या मालकाने बसवलेला स्टिरिओ मुद्दाम अशा प्लेअरसाठीच केलेला आहे. सीडीची खाच नाही, पुढे यूएसबी आणि ऑक्स (हेडफोनसारख्या पिनेची खाच), स्टिरिओच्या खोक्यावर आयपॉड चालेल असं स्पष्ट लिहिलंय. अडचणी अशा:

यूएसबीला जोडला की आयपॉड चार्ज होतो, पण स्टिरिओवर 'नो डिव्हाइस' येतं. त्याच खाचेत पेन ड्राइव्ह व्यवस्थित वाजतो.

ऑक्सने जोडला तर वाजतो. पण सिगारेट लायटरच्या चार्जरला लावला की बारीक 'कुईं' सुरू होते आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तिचा सूर चढत जातो. तंबोऱ्यावर ते ऐकवत नाही.

शिवाय गाडी बंद करून चालू केली की घड्याळ बारावर, रेडिओची स्टेशनं पुसलेली, पेन ड्राइव्ह पुन्हा पहिल्या गाण्यावर.

सगळ्या फाइल्सची प्रत संगणकावर आणि फोनवर घेतलेली आहे, त्यामुळे 'फोनवर ऐका' एवढं कृपया सांगू नका. आईला आयपॉडचं ते चाक स्वतःच्या बोटाने फिरवून गाणं काढायचंय. बाबा शेजारी बसून तसंच काढायचे.

प्रतिसाद १

आधी केबल बदला. आयपॉडला लागणाऱ्या ३० पिनांच्या स्वस्त केबलींमध्ये काही नुसत्या चार्जिंगच्या असतात, डेटाच्या तारा आत नसतातच. त्याच केबलने संगणकाला जोडून बघा. आयट्यून्समध्ये (आयपॉडमध्ये गाणी भरायचं अ‍ॅपलचं सॉफ्टवेअर) आयपॉड दिसला नाही तर दोष बहुधा केबलचाच. क्लासिकचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, त्यामुळे चांगली केबल शोधावी लागेल, पण मिळते.

'कुईं' म्हणजे ग्राउंड लूप. चार्जर आणि ऑक्स अशा दोन वाटांनी आयपॉडचं अर्थिंग गाडीशी जुळतं आणि अल्टरनेटरची (इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राची) खरखर त्या फेऱ्यात शिरते. चार्जर काढला की जाते ना? यूएसबी चालू झाली की चार्जिंग आणि आवाज एकाच केबलमधून जाईल, हा प्रश्नच उरणार नाही. ऑक्सच ठेवायचं असेल तर ऑक्सच्या केबलमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर (हा फेरा तोडणारी छोटी डबी) लावा आणि आयपॉडचा आवाज साधारण ८० टक्क्यांवर ठेवून कमीजास्त स्टिरिओवर करा.

प्रतिसाद २

घड्याळाचं कारण स्टिरिओच्या मागे सापडेल. पिवळी वायर थेट बॅटरीचा कायमचा १२ व्होल्ट, लाल वायर किल्लीवरची, काळी अर्थ. बसवणाऱ्याने पिवळी आणि लाल एकत्र पिळून किल्लीवर दिली असणार. किल्ली काढली की स्मरणशक्ती गेली. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे अर्ध्या तासाचं काम आहे. पिवळीवर फ्यूज असल्याची खात्री करून घ्या, हे महत्त्वाचं.

आणि एक. यूएसबीवर आयपॉड ओळखला गेला की बऱ्याच स्टिरिओंमध्ये आयपॉडचं चाक बंद पडतं, सगळं स्टिरिओच्या बटणांवरून चालवावं लागतं. घाबरू नका. सेटिंगमध्ये 'आयपॉड कंट्रोल' किंवा 'पॅसेंजर कंट्रोल' अशा नावाचा पर्याय असतो का बघा. तो आयपॉडकडे दिला की काकूंचं चाक चालेल.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. केबलच होती! संगणकालाही आयपॉड दिसला नाही. ऑफिसातल्या एकाकडे जुनी मूळ केबल निघाली, ती लावल्याबरोबर स्टिरिओवर नाव आलं. ते बाबांनी ठेवलेलं होतं, वाचून क्षणभर काही सुचलं नाही. चाक खरंच बंद पडलं होतं, सोर्सचं बटण दाबून धरल्यावर 'कंट्रोल' सापडलं. 'कुईं' नाही. वायरिंगचं काम शनिवारी.

एक राहिलं. चिपळूणला गाडी दिवसभर उन्हात उभी असेल. आयपॉड डॅशबोर्डच्या कप्प्यात राहू दिला तर चालेल का?

प्रतिसाद २

नको. ठेवण्याची मर्यादा ४५ अंश सेल्सिअस आहे, बंद गाडी उन्हात ती सहज ओलांडते. आत बॅटरी आणि फिरती हार्ड डिस्क, दोन्हीला ते बाधतं. केबल गाडीत राहू द्या, आयपॉड काकूंच्या पर्समध्ये.

घाटातल्या खड्ड्यांची काळजी नको, तो गाणं आधी मेमरीत घेतो आणि डिस्क थांबवतो. फक्त मांडीवर रुमाल घालून ठेवायला सांगा, वळणावर घसरतो.