रुग्णालयांच्या संदर्भात 'ओव्हरसाइट'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: रुग्णालयांतल्या सेवेचा दर्जा सुधारण्यात 'ओव्हरसाइट' (बाहेरून लक्ष ठेवण्याचं काम) करणाऱ्या संस्थांचा वाटा, या विषयावर लिहिते आहे. 'देखरेख संस्था' लिहून पाहिलं, पण खटकतं. नियंत्रण, नियमन, पर्यवेक्षण यांतलं काय बसेल?

उत्तर: खटकणारच. रुग्णालयात 'देखरेख' या शब्दाला आधीच काम आहे. रुग्णाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठेवलं, असं आपण म्हणतो. त्याच परिच्छेदात रुग्णालयही कुणाच्या देखरेखीखाली आलं, तर वाचक अडखळेल. 'पर्यवेक्षक' म्हटलं की परीक्षेचा हॉल आठवतो.

मला वाटतं, एकच शब्द शोधूच नका, कारण ही कामं एक नाहीत. परवाना देणारी यंत्रणा किमान अटी बघते आणि त्या पाळल्याशिवाय रुग्णालय चालवता येत नाही. तिच्यासाठी 'नियामक' चपखल आहे. अमेरिकेतलं १९५१ साली स्थापन झालेलं जॉइंट कमिशन किंवा भारतातलं एनएबीएच हे रुग्णालयांसाठीचं राष्ट्रीय मंडळ, यांचं काम निराळं. त्यांच्याकडे रुग्णालय स्वतः अर्ज करतं, संसर्ग कसा रोखता, औषधं कशी देता, चुकांची नोंद कुठे होते हे सगळं उघडून दाखवतं, आणि मुदत संपली की पुन्हा तपासणीला सामोरं जातं. याला 'अधिस्वीकृती' म्हणावं. वर्तमानपत्रं सर्रास 'मानांकन' छापतात, पण टेनिसमधल्या मानांकित खेळाडूंमुळे त्या शब्दाला क्रमवारीचा वास लागलाय. इथे क्रमांक नसतो. इंग्लंडचं केअर क्वालिटी कमिशन मात्र उत्कृष्ट, चांगली, सुधारणा हवी, अपुरी अशा पायऱ्या लावतं. त्याला सरळ 'श्रेणी' म्हणा.

हा फरक मी ताणून धरतो, कारण रुग्णाचं त्यात नुकसान आहे. भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्र बघून माणसं दर्जाची खात्री झाल्याचं समजतात. त्या कागदाचा अर्थ एवढाच, की रुग्णालय चालवायला परवानगी आहे.

दुसरं उत्तर: वरच्या मताशी सहमत. भर घालायची ती 'नियंत्रण'बद्दल. हा शब्द टाळाच. त्यात वचक आहे, आणि वचकाखाली माणूस चूक लपवतो. चुकीचं औषध दिलं गेलं आणि ते कुणी लिहूनच ठेवलं नाही, तर पुढच्या रुग्णालाही तोच धोका राहतो. जॉइंट कमिशनने १९९६ पासून गंभीर दुर्घटनांमागचं मूळ कारण शोधण्यावर भर दिला, तो यासाठीच.

एक जुना प्रसंग तुमच्या लेखाला उपयोगी पडेल. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स या शल्यचिकित्सकांच्या संघटनेने १९१८ साली १०० वा अधिक खाटांची ६९२ रुग्णालयं तपासली. किमान मानकांना उतरली फक्त ८९. आकडा जाहीर झाला, पण नावांची यादी १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलातल्या भट्टीत जाळून टाकली गेली. नामांकित रुग्णालयं त्यात नापास होती. तरीही काम थांबलं नाही. १९५० पर्यंत तीन हजारांहून अधिक रुग्णालयं मान्यतेच्या यादीत आली. नावं लपवणं मला पटत नाही, पण तपासणीचा धागा तुटला नाही हे महत्त्वाचं.

उलटं उदाहरण इंग्लंडमधल्या स्टॅफर्डचं. तिथल्या रुग्णालयाचा कारभार चालवणाऱ्या सरकारी आरोग्यसेवेतल्या ट्रस्टला २००८ मध्ये 'फाउंडेशन ट्रस्ट' हा अधिक स्वायत्ततेचा वरचा दर्जा मिळाला. त्याच काळात तिथे रुग्णांची भयंकर हेळसांड चालू होती. या प्रकरणाच्या सार्वजनिक चौकशीचा, म्हणजे फ्रान्सिस चौकशीचा, २०१३ चा अहवाल वाचा. आर्थिक लक्ष्यांकडे डोळे लागले होते आणि नातेवाइकांच्या तक्रारी कुणी ऐकल्या नाहीत.

प्रश्नकर्ती: आभार. मग परवान्याच्या जागी 'नियामक', एनएबीएचसारख्यांना 'अधिस्वीकृती संस्था', आणि सगळ्यांचा एकत्र उल्लेख करताना 'दर्जा तपासणाऱ्या संस्था' असं लिहिते. तक्रारींची दखल घेणाऱ्या यंत्रणेचा वेगळा परिच्छेदही घालते, मसुद्यात तो नव्हताच.