वर्डप्रेस : अवतरणाआधी स्लॅश वाढतायत, आणि आता मराठी अक्षरंच गेली

मेतकूट_२२ :
नमस्कार मंडळी, ओळखीच्या काकूंसाठी वर्डप्रेसवर (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) रेसिपीची साइट केलीय, त्यातला प्लगइन (जोड-प्रोग्राम) मीच लिहिलाय. त्यांनी आजीचं "मेतकूट" असं टाकून सेव्ह केलं की \"मेतकूट\" दिसतं, परत सेव्ह केलं की अवतरणाआधी तीन स्लॅश, मग सात. म्हणून दाखवताना स्ट्रिपस्लॅशेस (स्लॅश काढणारं फंक्शन) मारलं, टॅग जेसनमध्ये (डेटा मजकूर म्हणून साठवायची पद्धत) आहेत त्यांच्यावरही मारलं, तर आता "आई"च्या जागी यू०९०६यू०९०८ येतंय. काकूंनी सगळं हाताने टाइप केलंय हो, प्लीज सांगा.

जुना_पीएचपीवाला :
आधी बॅकअप घे. वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीत पूर्वी मॅजिक कोट्स होतं, फॉर्ममधून आलेल्या डेटाला आपोआप स्लॅश लावायचं, ते ५.४ मध्ये २०१२ साली काढलं, पण वर्डप्रेस जुन्या प्लगइनसाठी अजूनही स्वतः लावतं. तू तसाच डेटा डेटाबेसच्या टेबलात टाकतोयस, म्हणून पुढच्या वेळी स्लॅशलाही स्लॅश लागतो, एकाचे तीन, तीनाचे सात. फॉर्मच्या पोस्ट डेटामधून व्हॅल्यू घेतल्या घेतल्या एकदाच डब्ल्यूपी_अनस्लॅश (लागलेले स्लॅश काढतं) कर, दाखवताना फक्त ईएससी_एचटीएमएल (मजकूर पानावर सुरक्षित दाखवतं). टेबलात टाकायच्या (इन्सर्ट) आधी वेगळं अ‍ॅडस्लॅशेस (स्लॅश लावणारं फंक्शन) अजिबात नको, वर्डप्रेसच्या डेटाबेस क्लासचं, डब्ल्यूपीडीबीचं इन्सर्ट ते बघून घेतं.

कोपऱ्यातला_डेव्ह :
जेसनचं वेगळं आहे. जेसन बनवणारं जेसन_एनकोड मराठी अक्षर \यू आणि चार हेक्स आकडे (०-९, ए-एफ) असं लिहितं, तो स्लॅश तू खाल्लास. पण घाबरू नकोस, फक्त दाखवतानाच मारलं असेल तर टेबलात डेटा शाबूत असणार, पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये (डेटाबेस बघायचं टूल) उघडून बघ. पुढे एनकोड करताना जेसन_अनएस्केप्ड_युनिकोड हा पर्याय दे, सरळ आई असंच साठेल. आणि हे कधी पोस्ट मेटामध्ये (वर्डप्रेस लेखासोबत साठवतं ती जास्तीची माहिती) टाकलंस तर लक्षात ठेव, अपडेट_पोस्ट_मेटा स्वतः एक थर स्लॅश काढतं, आधी डब्ल्यूपी_स्लॅश (स्लॅश लावतं) करावं लागतं, मी यात दोन दिवस घालवलेत.

मेतकूट_२२ :
बघितलं, बाकी सगळं शाबूत! फक्त ज्या ११ रेसिपी काकूंनी मधल्या काळात एडिट केल्या त्या तशाच बिघडून सेव्ह झाल्यात. डेटाच्या कॉपीवर रेगेक्सने (नमुना शोधून बदलायची पद्धत) यू०९ आणि पुढचे दोन हेक्स आकडे दिसतील तिथे आधी स्लॅश परत लावून डीकोड केलं, आई आली, पण कैऱ्या नाही आल्या, मधे यू२००डी राहतंय.

कोपऱ्यातला_डेव्ह :
तो झीरो विड्थ जॉइनर (न दिसणारं, अक्षरं जोडणारं चिन्ह), काही कीबोर्ड अर्धा र टाइप करताना टाकतात. रेगेक्समध्ये यू२००सी, यू२००डी दोन्ही घाल. टॅगच्या आत अवतरण असेल तर तिथे जेसनच तुटलेलं असणार, डीकोड नल (रिकामं उत्तर) देईल, तेवढे हाताने दुरुस्त कर.

मेतकूट_२२ :
कैऱ्या आल्या!! दोनच नल निघाले, ते आत्ता काकूंना फोन लावून विचारून भरतो.