गच्चीवरच्या भाजीला शेतातलं औषध नको

गच्चीतल्या भेंडीवर पिठ्या ढेकूण ही कीड पडली, तर गावाहून मोनोक्रोटोफॉस हे शेतातलं कीटकनाशक आणून मारा, असं एकांनी सुचवलंय. कळकळीने सांगते, मारू नका. भाजीपाल्यावर ते वापरायला २००५ पासून बंदी आहे. कुठल्याही कीटकनाशकाच्या बाटलीवर तिरका चौकोन असतो. त्याचा खालचा भाग लाल असेल तर ते सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा.

२०१७ मध्ये यवतमाळमध्ये कापसावर फवारताना माणसं दगावली, तीही उघड्या रानात. मुंबईत तर खालच्या गॅलरीत कुणाचं तरी बाळंतं वाळत असतं आणि समुद्राचा वारा फवारा कुठे नेईल सांगता येत नाही.

आधी शेंड्याच्या बेचक्यात बघा. पांढऱ्या कापसासारखे पुंजके आणि शेजारी मुंग्यांची रांग दिसेल. चिकट गोड स्रावासाठी मुंग्याच या किडीला राखतात, म्हणून मुंग्याही आवरा. फार भरलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका. उरलेल्यावर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण घालून, ऊन उतरल्यावर पानांच्या खालून फवारा. आठवड्याने पुन्हा.

आणि कुठलंही औषध पाण्याच्या बाटलीत काढून ठेवू नका. घरात लहान मुलं असतात.