घरात सगळ्यांना शुगर, जनुकांची टेस्ट करू का?

द्राक्षवाला, तासगाव: वय ३४, वजन ६२. वडिलांना शुगर, थोरल्या चुलत्यांना शुगर, आजीचा तर शेवटी पाय काढला. माझी रक्तातल्या शुगरची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ५.८ आली. मोबाईलवर जाहिरात येते, थुंकी पाठवा, जनुकं बघून धोका टक्क्यात सांगतो, नऊ हजार. ऑक्टोबर छाटणी नुकतीच झालीय, पैसे बागेच्या औषधांत चाललेत. करावी का?

लॅबवाली, मिरज: भाऊ, नऊ हजार बागेलाच घाला. (आमच्याकडंही असली पॅकेजं विकायला माणसं येतात, चहा पिऊन जातात.) टाइप २ म्हणजे ही नेहमीची मोठेपणी होणारी शुगर, ते एका जनुकाचं काम नाही, शेकडो जागचे बारीक फरक मिळून धोका ठरतो. त्यातला सगळ्यात वजनदार टीसीएफ७एल२ या जनुकातला, २००६ मध्ये आइसलँडच्या संशोधकांनी शोधलेला, पुढं भारतीयांतही दिसला. त्याची एक प्रत असली तर धोका साधारण १.४ पट, बस. तो असून शुगर न झालेले पुष्कळ, नसून झालेलेही. शिवाय या अभ्यासांतली बहुतेक माणसं युरोपातली, तो टक्का तुम्हाला कितपत लागू? आजी, वडील, चुलते हा रिपोर्ट तुमच्याकडं फुकट आहे.

सरासरी ५.७ ते ६.४ म्हणजे शुगरच्या उंबरठ्यावर. बारीक आहे म्हणून निवांत राहू नका. आपली बाळं वजनानं हलकी पण चरबीनं जास्त जन्मतात, हे पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिकांनी दाखवलंय. कंबर मोजा. आणि अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात आहार-व्यायामानं नवे रुग्ण ५८ टक्के कमी झाले, टीसीएफ७एल२ वाल्यांनाही फायदा झालाच.

कराडची मावशी: ताईंचं बरोबर, पण एक अपवाद. माझ्या भाच्याला एकोणिसाव्या वर्षी शुगर निघाली, अंगानं काडी. त्याच्या आईला, आजोबांनाही पंचविशीच्या आतच. मोडी नावाचा प्रकार, एकाच जनुकातला बिघाड, मुलात उतरायची शक्यता निम्मी. तिथं टेस्ट कामाची ठरली. एचएनएफ१ए या जनुकातला बिघाड निघाला, इन्सुलिन सुटलं, गोळीवर भागतंय. तुमच्या वडिलांना कितव्या वर्षी?

द्राक्षवाला, तासगाव: वडील, चुलते दोघांनाही पन्नाशीनंतर. कंबर ९४ सेंटीमीटर भरली, बायको हसतीय. पोरगी सात वर्षांची आहे, तिची काढू का?

लॅबवाली, मिरज: मग मोडी वाटत नाही. पुरुषाची कंबर आपल्याकडं ९० च्या आत हवी. पोरीची जनुकं तपासून काय करणार, तिला पळू दे. तुम्ही डॉक्टरांना ५.८ दाखवा, पुढची तपासणी कधी ते विचारा. आणि थोरल्या चुलत्यांच्या पोरांनी कधी रक्त तपासलंय का?