मदत हवी आहे: शिक्क्यांच्या वाचनखुणा – शाई फुटते, रिबिनीच्या दशा निघतात

छापखुणा

भेट म्हणून द्यायला ४० वाचनखुणा करायच्या आहेत. माप साधारण ५ × १५ सेंमी, वर एक छिद्र, त्यात रिबीन.

कागद दोन प्रकारचा आहे: २५० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन २५० ग्रॅम) हातकागद आणि ३०० जीएसएमचं गुळगुळीत, किंचित चकाकणारं कार्ड. शिक्के लाकडी ठोकळ्यावरचे रबरी (पानंफुलं) आणि अ‍ॅक्रिलिकच्या ठोकळ्यावर चिकटवायचे पारदर्शक (अक्षरं). शाईचे दोन पॅड, काळी डाय इंक आणि गडद निळी पिगमेंट इंक. रिबीन ६ मिमी रुंदीची, सॅटिनची, एकाच बाजूला चकाकी असलेली.

अडचणी अशा:

१. हातकागदावर काळी शाई फुटते. पानाच्या शिरा एकमेकींत मिसळून नुसता डाग दिसतो.
२. कार्डावर निळी शाई दुसऱ्या दिवशीही बोटाला लागते.
३. रबरी शिक्क्याच्या नक्षीभोवती रबराच्या कडेची रेघ उमटते.
४. पारदर्शक अक्षरांवर शाई सलग बसत नाही, थेंब थेंब होते.
५. रिबिनीच्या टोकांच्या दशा निघतात, आणि लोंबताना नेमकी उलटी बाजू वर येते.
६. छिद्रापाशी कागद फाटू नये म्हणून धातूची आयलेट (छिद्राच्या कडेला बसवायची कडी) लावावी का?

शाईपुराण

पहिल्या दोन अडचणींचं मूळ एकच आहे. तुमच्या शायांची अदलाबदल झाली आहे. काळी कार्डावर न्या आणि निळी हातकागदावर आणा.

डाय इंक म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. तो कागदाच्या तंतूंत शिरतो. हातकागदाला खळ (शाई फार शोषली जाऊ नये म्हणून कागदाला दिलेला चिकट पदार्थ) कमी असेल तर तो टिपकागदासारखा वागतो आणि तंतू नेतील तिकडे शाई जाते. पिगमेंट इंकमध्ये रंगाचे बारीक कण असतात आणि ती दाट असते, त्यामुळे ती बरीचशी पृष्ठभागावर राहते. हातकागदावर तिची रेघ जागची हलत नाही. लेप दिलेल्या कार्डात मात्र तिला मुरायला जागाच मिळत नाही. ती दोन दिवसांनीही ओली सापडली तरी नवल नाही.

खळ आहे का ते पाहायला कागदाच्या तुकड्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा. लगेच शोषला गेला तर त्या कागदावर डाय इंक विसरा. थेंब फुगीर राहिला तर बारीक नक्षीही चालेल. हातकागदाच्या दोन बाजूंपैकी एक सहसा जास्त सपाट असते. दिव्याच्या तिरप्या उजेडात धरलंत की लगेच कळेल. शिक्का तिच्यावर मारा.

कार्डावर निळाच रंग हवा असेल तर दोन वाटा आहेत. एक, सॉल्व्हंट इंक, म्हणजे पाण्याऐवजी उडून जाणाऱ्या द्रावकातली शाई. ती कार्डावर, प्लॅस्टिकवरही पटकन वाळते, पण वास उग्र असतो, खिडकी उघडी लागते आणि शिक्का पुसायला तिचाच क्लीनर लागतो. ही फक्त रबरी शिक्क्यांवर वापरा, पारदर्शक शिक्के तिने खराब होऊ शकतात. दुसरी वाट एम्बॉसिंगची, म्हणजे पावडर वितळवून ठसा उठावदार करायची. पिगमेंट ओली असतानाच तिच्यावर पारदर्शक एम्बॉसिंग पावडर टाका, कागद उभा करून जास्तीची झटका आणि हीट गनने वितळवा. गन आधी बाजूला धरून तापवायची, मग कागदाकडे आणायची. पावडरचा खरखरीतपणा जाऊन चकाकी आली की लगेच पुढे सरकायचं. जास्त तापली तर पावडर कागदात उतरते आणि तेलकट डाग दिसतो. केस वाळवायच्या ड्रायरचा इथे उपयोग नाही. त्याचा वारा जास्त आणि उष्णता कमी, पावडर वितळण्याआधीच उडून जाते.

छापण्याआधी कार्डावर टाल्कम पावडरची पुरचुंडी हलकेच फिरवली तर नको तिथे कण चिकटत नाहीत.

पण माझं मत विचाराल तर वाचनखुणेवर एम्बॉसिंग बारीक रेघांपुरतंच ठेवा. मोठा भरीव भाग कागद वाकला की तडकतो आणि मिटलेल्या पुस्तकात पानावर दाबखूण उठवतो.

ठसेकरी

३ आणि ४ मी घेतो.

कडेची रेघ येण्याची कारणं तीन: शिक्का दाबताना डोलवणं, पॅडवर जोर देऊन दाबणं, आणि नक्षीभोवती उरलेलं रबर. शेवटचं आधी बघा. टोकदार कात्रीने जास्तीचं रबर कापा, पण नक्षीला अगदी लागून नको. १–२ मिमी सोडा आणि काप बाहेरच्या बाजूला उतरता घ्या. आतल्या बाजूला गेला तर रेघेखालचा आधार जातो आणि तेवढी रेघ पुढे कायम पुसट उमटते. कापायचं नसेल तर शाई लावल्यावर कडा कोरड्या फडक्याने पुसून मग छापा. ४० नगांना हे कंटाळवाणं आहे, हे आधीच सांगतो.

शाई लावताना शिक्का वर तोंड करून धरा आणि पॅड त्याच्यावर टेकवा. हलक्या थापा द्या, घासू नका. उलटं केलं, म्हणजे शिक्काच पॅडवर दाबला, तर स्पंज खोलगट भागांतही शिरतो. तुमची रेघ तिथूनच येत असावी. उजेडात तिरपं धरून पाहा: फक्त उठावाचा भाग चमकायला हवा, खाचा कोऱ्या.

छापताना रबरी लाकडी शिक्क्याखाली वर्तमानपत्राचे चार-पाच पदर ठेवा. पारदर्शक शिक्का मऊ असतो, त्याला टेबल आणि वर एखादा कागद पुरे. फार मऊ बैठक दिली तर अक्षरांच्या कडा जाड येतात. शिक्का सरळ टेकवायचा, न हलवता मध्यभागी आणि मग चारही कोपऱ्यांवर बोटांनी दाब द्यायचा. दुसऱ्या हाताने कागद धरून शिक्का सरळ वर उचलायचा. उचलताना घसरलं की दुहेरी ठसा आलाच.

पारदर्शक शिक्का नवा असताना त्याच्यावर तुळतुळीत थर असतो, म्हणून शाईचे थेंब होतात. पांढऱ्या खोडरबराने पृष्ठभाग हलकेच घासा, जोर नको. मग रद्दी कागदावर चार-पाच ठसे मारा. पहिले पुसट येतील, नंतर सलग येतात. वापरून झाल्यावर कोमट पाणी आणि थोडा साबण. उन्हात ठेवू नका, पिवळे पडून कडक होतात आणि मग ठोकळ्याला धरत नाहीत.

अक्षरं सरळ यायला कार्डाच्या दोन पट्ट्या काटकोनात चिकटवून एक कोपरा बनवा. वाचनखूण त्या कोपऱ्यात टेकवायची आणि अ‍ॅक्रिलिकच्या ठोकळ्याची कड दुसऱ्या पट्टीला. सगळ्या नगांवर ओळ एकाच उंचीवर येते. ठसा फिका आला तरी शिक्का पुन्हा त्याच जागी बसवता येतो, तो फायदा वेगळाच.

कापाकापी

कुणी कागद कापण्याबद्दल बोललंच नाही. कार्ड ए४ असेल तर ५ × १५ ऐवजी ५२ × १४८ मिमी करा. एका पानातून बरोबर आठ निघतात, कपात जवळजवळ शून्य. ४० साठी ५ पानं. बिघडणाऱ्यांसाठी आणखी २ धरा, म्हणजे १६ नग हाताशी राहतील.

तंतूंची दिशा बघा. कार्ड आधी लांबीतून, मग रुंदीतून हलकेच वाकवून पाहा. ज्या बाजूने सहज वाकेल, तिथली घडीची रेघ तंतूंच्या दिशेने असते. तंतू वाचनखुणेच्या लांबीत हवेत. आडवे आले तर ती डोक्यापासून पायापर्यंत कमानीसारखी वळते आणि पुस्तकातून काढली की सपाट होत नाही. हातकागदात अशी ठळक दिशा नसते, तिथे ही चिंता नाही.

धारदार पातं, स्टीलची पट्टी, आणि एकाच दणक्यात नाही तर तीन-चार हलक्या फेऱ्यांत कापा. काप फाटल्यासारखा दिसू लागला की पातं बदला. हातकागदाला सरळ काप न देता फाटकी कड हवी असेल तर रेघेवर ओल्या ब्रशने पाणी फिरवा, मिनिटभर थांबा आणि पट्टी दाबून धरून ओढा.

आणि आधी कापा, मग छापा. छापताना एक नग बिघडला तर एकच जातो.

शाईपुराण

@कापाकापी, इथे सहमत नाही. नक्षी कडेबाहेर जाणारी असेल तर पूर्ण पानावर छापून मगच कापलेलं बरं. कापलेल्या पट्टीच्या कडेवर अर्धा शिक्का टेकला की तो कडेवर कलतो आणि तिथे शाई साचते.

कापाकापी

खाली त्याच जाडीच्या कार्डाचा तुकडा पट्टीला भिडवून ठेवायचा, शिक्का कलत नाही. पण ज्याला जे जमेल ते. अक्षरं असलेल्या नगांना तरी आधी कापणंच सोयीचं.

रेशीमगाठ

आता रिबीन. उलटी बाजू दिसते कारण तुमची सॅटिन एकाच बाजूने चकाकीची आहे. वाचनखुणेला दोन्ही बाजूंनी चकाकणारी, डबल फेस सॅटिन घ्या. पुस्तकातून लोंबते तेव्हा तिला सरळ-उलट उरतच नाही. ग्रोसग्रेन (आडव्या बारीक उभारांची रिबीन) दिसायला छान असते, पण तिची गाठ जाड होते आणि पुस्तक वरच्या टोकाला फुगतं.

एका नगाला ३० सेंमी. मधोमध दुमडा, दुमडलेलं टोक पुढून छिद्रातून मागे घाला, मोकळी दोन्ही टोकं कागदाच्या वरून मागे नेऊन त्या फाशातून ओढा. शेपटी १२–१३ सेंमी उरते. ४० नगांना १२ मीटर होते, १३ घ्या. ओढताना रिबीन पिळली जाऊ देऊ नका आणि शेवटचा ताण दोन्ही टोकांना सारखा द्या, नाहीतर एक शेपटी आखूड राहते.

टोक ४५ अंशांत तिरपं कापलं की दशा कमी निघतात, पण थांबत नाहीत. आधी एक तुकडा जाळून पाहा. वितळून कडक मणी झाला तर ती पॉलिएस्टर किंवा नायलॉन आहे. मग टोक ज्योतीच्या खालच्या निळ्या भागाशेजारी, ज्योतीला न लावता, क्षणभर धरा. कड आपोआप बंद होते. पिवळ्या भागात धरलं तर काजळी बसते. तुकडा कागदासारखा जळून राख झाला तर ती सुती किंवा रेयॉन, तिला आगीजवळ नेऊ नका. कापलेल्या कडेवर कापडाचा गोंद किंवा पारदर्शक नेलपॉलिश काडीने लावा. अगदी थोडं, नाहीतर ते रिबिनीत चढतं आणि गडद पट्टा दिसतो.

लाल, मरून, गडद निळी रिबीन असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून बघा. रंग सुटला तर ती कुणाच्या पुस्तकात जाता कामा नये.

आयलेट नको. धातूची कड पानांवर गोल दाबखूण उठवते. त्याऐवजी छिद्र पाडण्याआधी त्या जागी दोन्ही बाजूंनी त्याच कागदाची २० मिमी व्यासाची चकती चिकटवा, वाळू द्या, मग तिन्ही थर एकदम पंच करा. छिद्राचं केंद्र वरच्या कडेपासून १२ मिमी. ऑफिसातला दोन छिद्रांचा नेहमीचा पंच याच अंतरावर ६ मिमीचं छिद्र पाडतो, म्हणून तोही चालतो, फक्त एकाच बाजूचं छिद्र वापरायचं. ४ मिमीचा पंच मिळाला तर अधिक चांगलं. दुमडलेली ६ मिमी रिबीन त्यातून जाते आणि घट्ट बसते.

छापखुणा

सगळ्यांचे आभार. शाया बदलल्यावर फरक लगेच दिसला. दोन शंका राहिल्या. फुलांत जलरंग भरायचे आहेत, त्याने रेघ पसरेल का? आणि हातकागदावर चकती चिकटवली की वरचं टोक वळतं.

शाईपुराण

पिगमेंटची रेघ पूर्ण वाळली तर बहुतेक वेळा टिकते, पण "बहुतेक" वर ४० नग सोडू नका. एका तुकड्यावर छापा, २४ तास ठेवा, ओला ब्रश फिरवा. रंग सुटला तर रंगीत पेन्सिली वापरा. काळ्या डाय इंकवर ब्रश फिरवायचाच नाही, "वॉटरप्रूफ" असं लिहिलेला पॅड असेल तरच. हातकागदावर जलरंग भरायचेच असतील तर ब्रश जवळजवळ कोरडा ठेवा.

कापाकापी

वळतं ते गोंदातल्या पाण्यामुळे. पातळ पांढऱ्या गोंदाऐवजी ग्लू स्टिक घ्या आणि दोन्ही चकत्या लागोपाठ लावा, एक वाळल्यावर दुसरी नाही. वळलेल्या नगांच्या आतल्या बाजूचे तंतू आखडलेले आहेत. त्या बाजूवर किंचित दमट स्पंज टेकवा (नक्षी सांभाळून), दोन टिपकागदांमध्ये ठेवा आणि वर जड पुस्तकं ठेवून रात्रभर सोडा. जलरंगाने वळलेल्यांनाही हाच उपाय, फक्त दमटपणा मागच्या बाजूने द्या.

ठसेकरी

पिशवीत घालण्याआधी प्रत्येक शाई-कागद जोडीचा एक नग दोन पांढऱ्या कागदांमध्ये ठेवून त्यावर रात्रभर वजन ठेवा. सकाळी पांढऱ्या कागदावर काही उमटलं असेल तर शाई वाळलेली नाही, आणखी दोन दिवस उघड्यावर राहू दे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओली पिगमेंट गेली की ती वाळतही नाही आणि पिशवीला चिकटतेही.

छापखुणा

निळी हातकागदावर कोरी निघाली, कार्डावरची काळीही. कार्डावर आधी छापलेले निळे नग मात्र अजून उमटतात. ते ठेवू का?

शाईपुराण

नको. ते बाजूला काढा, त्याच कार्डाच्या २० मिमीच्या चकत्या कापायला उपयोगी पडतील, छापलेला भाग सोडून.